मोसंबीच्या शीतगृहातला सर्व्हर

औरंगाबादला जाऊन आले असं सांगितलं की लोक आधी लेण्यांचं विचारतात. वेरूळ पाहिलं का? अजिंठ्याला किती वेळ दिला? मकबरा तरी पाहिला असेल? मी यातलं काहीही पाहिलं नाही. मी पाहिलं ते शेंद्र्याचं कारखान्याचं शेड, करमाडच्या अलीकडचं मोसंबीचं शीतगृह, शहागंजातल्या एका घराची माडीवरची खोली आणि छावणीच्या रस्त्यावरची एका अनोळखी माणसाची वरात. तरीही इतकं हसून मी आजवर कुठल्याच प्रवासाहून परतलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले.

गोष्ट सलग दुष्काळ पडला त्या वर्षांतली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. जालना रोडला दोन्ही बाजूंनी नव्या इमारती उठत होत्या, त्यांच्या गच्चीवर नव्या कोऱ्या काळ्या टाक्या चढत होत्या, आणि टाक्यांत पाणी नव्हतं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला होते. आम्ही सर्व्हर आणि स्टोरेज बनवायचो. सर्व्हर म्हणजे कारखान्याच्या मागण्या, आराखडे, पगार, सगळं ओढणारा संगणक. स्टोरेज म्हणजे त्याच्या शेजारचं डिस्कांचं कपाट, ज्यात ते सगळं जपून राहतं. एक राबतो, एक सांभाळतं. त्या वर्षांत या धंद्याला भलतीच भरती आली होती. प्रत्येक कारखान्याच्या दारावर, छताला, अगदी कँटीनच्या कढईवरसुद्धा कॅमेरे लागत होते आणि ते सगळं चित्रण ठेवायला जागा हवी होती. मोठ्या कंपन्या नवनवी कपाटं काढायच्या, आधीच्याहून मोठी आणि स्वस्त. आमच्यासारखे छोटे त्यांच्यामागे धापा टाकत पळायचे.

आमचे मालक आपटे सर. साठी ओलांडलेले, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "मेधा, सर्व्हर कोणीही जोडेल. पुढची वाढ आहे ती साठवणीत. स्टोरेज जो बनवेल तो टिकेल." त्या नादात त्यांनी स्वतःचं एक कपाट घडवलं होतं. पत्रा कापण्यापासून आतल्या प्रोग्रॅमपर्यंत सगळं त्यांचं. एकही विकलं गेलं नव्हतं.

आणि मग शेंद्र्याहून बोलावणं आलं.

नगरच्या पुढे

सरांच्या गाडीत मागच्या सीटवर सर्व्हर आणि डिकीत कपाट असे आम्ही निघालो. मी मूळची रत्नागिरीची. मे महिन्यात आमच्याकडेही विहिरी खाली जातात, पण गोदावरी ओलांडताना खाली पाहिलं तेव्हा मला आधी वाटलं की पूल चुकला. नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. खेळपट्टी उत्तम होती.

पूल ओलांडून चहाला थांबलो तेव्हा सर म्हणाले, "एक सांगून ठेवतो. हे काम नाही मिळालं, तर पावसाळ्याआधी मी कंपनी विकणार. एक डीलर विचारतोय. तो माणसं घेणार नाही, फक्त जागा घेणार." एवढं बोलून ते चहात बिस्कीट बुडवू लागले. बिस्कीट तुटून आत पडलं. दुसरं काढलं, तेही पडलं. मग त्यांनी चमचा मागवला. माझी नोकरी टांगणीला लागली होती आणि नेमकं त्याच वेळी मला हसू येऊ लागलं. ते हसू पुढे दोन दिवस गेलं नाही.

शेंद्रा

कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या जाधवांचा, त्यांच्या तीन कारखान्यांतला पहिला. औद्योगिक वसाहत आली तेव्हा यांच्या शेताचा मोठा तुकडा तिच्यात गेला. उरलेल्यात अजून कपाशी होते आणि गेलेल्यात कारखाना उभा आहे. सगळा कारभार सूनबाई बघतात. कल्याणीताई, वयानं माझ्याएवढ्याच, पायात बूट, डोक्याला पदरासारखा घट्ट गुंडाळलेला स्कार्फ.

आल्या आल्या पाणी आलं. अर्धा पेला. शेजारी झाकलेला तांब्या. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा पेला दिला तर आई आठवडाभर बोलणार नाही. कल्याणीताईंनी माझी नजर ओळखली.

"लागलं तर आणखी घ्या. उष्टं टाकायचं नाय, एवढंच. पेला भरून दिला की लोक निम्मं ठेवतात."

मी ते अर्धं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि मग दुसरं अर्धं मागितलं. सरांनीही मागितलं.

समोरच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. निळा सूट, टाय, आणि त्या उकाड्यात टायची गाठ अगदी वर. तो आमचा प्रतिस्पर्धी, इरफानभाई. जगभर नाव असलेल्या एका बड्या कंपनीचा मराठवाड्याचा माणूस, राहणारा शहागंजचा. उठून त्यानं सरांशी हात मिळवला.

"पुण्याहून गाडीनं आणली मशीन? मागच्या सीटवर? या अल्ला. आमची विमानानं आली, तरी एक कोपरा चेपलाय."

कल्याणीताईंनी अट सांगितली. दोघांनी आपापला सर्व्हर आणि आपापलं कपाट लावायचं. कारखान्याचं खरं काम त्यावर चालवून बघायचं. शनिवारी त्यांचे सासरे, आबा, ठरवणार. "चाचणी झालीच नाही, तर आबा मोठ्या नावाकडं जातील. हे आधीच सांगते," त्या म्हणाल्या. मोठं नाव म्हणजे इरफानभाईंचं.

सर्व्हरची खोली चकाचक होती. गार करायला भिंतीआड पाण्यावर चालणारं मोठं यंत्र. दोन्ही मशिनी सुरू झाल्या. आमची थोडी हळू, त्यांची थोडी दिमाखदार. दुपारी जेवणाच्या सुमाराला भिंतीआडचा आवाज बंद पडला. वसाहतीच्या पाण्यात आणखी कपात झाली होती आणि टँकर आला नव्हता. पाणी नाही म्हणजे गारवा नाही.

खोली तापू लागली. मशिनींचे पंखे आधी गुणगुणले, मग गुरगुरले, मग दोन विमानं एकाच धावपट्टीवरून सुटावीत तसे ओरडू लागले. सर ओरडून काही तरी सांगत होते आणि मला फक्त त्यांचे दात दिसत होते. इरफानभाईंनी शेवटी टाय सोडली आणि तिनं ते आपल्या सर्व्हरला वारा घालायला लागले. मी माझ्या ओढणीनं आमच्या सर्व्हरला. आधी त्यांचा बंद पडला, मग आमचा. खोलीत अशी शांतता पसरली की इरफानभाईंचा टायनं वारा घालण्याचा फटफट आवाज तेवढा ऐकू येत होता. त्यांच्या ते लक्षात आलं आणि आम्ही दोघं एकाच क्षणी हसत सुटलो. सर आणि कल्याणीताई आमच्याकडे बघत राहिले.

"झालं तर मग," कल्याणीताई म्हणाल्या. "चाचणी बुडाली."

म्हणजे आम्ही बुडालो. हे कळायला मला एक क्षण लागला. सरांना लागला नाही, ते खाली बसून वायरी गुंडाळू लागले होते.

"एक जागा आहे," कल्याणीताई पुढे म्हणाल्या. "माझ्या मामाचं शीतगृह. करमाडच्या अलीकडं. पण दोघंही तयार असाल तरच. इरफानभाई, तुम्ही नाय म्हणू शकता. तुमचं तर असंही होतंय."

इरफानभाईंनी टाय खिशात कोंबली. सरांच्या गुंडाळलेल्या वायरींकडे बघितलं.

"मी आठ वर्षं ही मशीन विकतोय, मॅडम. कागदावरच. ती खरंच राबताना मी कधी बघितली नाय. आज अर्धा दिवस बघितली, लई मजा आली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चलो. ऐसा बैठे-बैठे जीतने में क्या मजा है?"

शीतगृह

बाबूमामा दारातच उभे होते. धोतर, बनियन, आणि त्या रणरणत्या उन्हात डोक्यावर लोकरीची कानटोपी.

"या, या. तुमी साठवणीचीच कपाटं विकता म्हनं? मंग साठवणीतच ठिवा की!"

शीतगृह मोसंबीसाठी बांधलेलं. पण त्या वर्षी बागाच जळाल्या होत्या, त्यामुळे अर्ध्याहून अधिक रॅक मोकळे. मामांनी हे सांगताना आवाज चढवला नाही की पाडला नाही. बागेतली झाडं त्यांनी स्वतः तोडून सरपणाला दिली होती. "पुन्हा लावू. झाडच हाय ते," म्हणाले, आणि आम्हाला चार कानटोप्या आणि दोन घोंगड्या दिल्या. त्यांचं गार करणारं यंत्र पंख्यांवर चालायचं, त्याला पाणी लागत नव्हतं. "पान्याची सवयच लावली नाय त्याला," मामा अभिमानानं म्हणाले.

आत पाऊल टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा मे महिन्यात माझे दात वाजले. मोसंबीचा वास असा की श्वास घेतला की सरबत प्यायल्यासारखं वाटावं. ओल्या फरशीवर माझा पाय सरकला आणि मी बसल्या बसल्या तीन रॅक पार करत मोसंबीच्या क्रेटवर जाऊन आदळले. लागलं काही नाही, पण एक मोसंबी घरंगळत जाऊन सरांच्या बुटाला लागली. सरांनी ती उचलली, पुसली आणि खिशात ठेवली. थोड्या वेळानं केसांत हात घातला तर माझं रत्नागिरीचं खोबरेल थिजून पांढरं झालं होतं.

"बर्फ पडलाय मॅडमच्या डोक्यावर," इरफानभाई म्हणाले आणि पुन्हा आमचं सुरू झालं. दोन प्रतिस्पर्धी, कानटोप्या घालून, मोसंबीच्या क्रेटवर बसून, पोट धरून.

मग हसू थांबलं. इरफानभाईंचा सर्व्हर सुरूच होईना. उष्णतेनं आत काही तरी जळलं होतं. आणि आमचं कपाट? करमाडच्या कच्च्या रस्त्यावर डिकीत खाल्लेले हिसके त्याच्या डिस्कांना सोसले नव्हते. सरांनी ते उघडलं, प्रत्येक डिस्क काढून लावली, पुन्हा काढून लावली. तोंडातून वाफ निघत होती. लाल दिवा लाल तो लालच.

इरफानभाईंकडे कपाट होतं, सर्व्हर नव्हता. आमच्याकडे सर्व्हर होता, कपाट नव्हतं.

कल्याणीताई घोंगडीतून म्हणाल्या, "मग ह्यांच्या कपाटाला त्यांचा सर्व्हर जोडा की."

आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो, "असं नाही करत!"

"का? वायर बसत नाय का?"

"बसते," मी म्हणाले.

"मग?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी इरफानभाईंकडे. इरफानभाईंनी मामांकडे. मामा मोसंबी सोलत होते. खरं कारण असं होतं की आमच्या धंद्यात प्रत्येक जण गिऱ्हाइकाला सांगतो, दुसऱ्याचं काहीही आमच्याजवळ आणू नका. सगळं आमचंच घ्या, पुढची वाढही आमच्याकडूनच. हे इतकी वर्षं सांगून सांगून आमचाच त्यावर विश्वास बसला होता.

"करून बघू," शेवटी सरच म्हणाले.

त्या दुपारी मी आणि इरफानभाईंनी जे केलं ते आमच्या दोघांच्याही कंपन्यांच्या पुस्तकात नव्हतं. बोटं बधिर, की-बोर्डवर एका अक्षराऐवजी तीन उमटत होती. त्यांचं कपाट आमच्या सर्व्हरला ओळखच दाखवेना. इरफानभाई त्याला समजावत होते, "अरे पहचान ना यार, पुण्याची पाहुणी आहे." मी सर्व्हरचे कान धरत होते. सर आमच्या मागे उभे राहून कागदानं वारा घालायला लागले, मग थंडी आठवून थांबले. मध्येच मामा बाहेर नेऊन आम्हाला उन्हात शेकायचे आणि पिठलं-भाकरी खायला घालायचे. पिठलं इतकं तिखट की नाक वाहायचं, आणि आत गेलं की ते वाहिलेलं गार व्हायचं. आमच्याकडे पिठल्यात नारळ घालतात असं मी म्हणाले, तर मामांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

आणि मग हिरवा दिवा लागला. आधी एक, मग शेजारचा, मग कपाटावरची अख्खी रांग, देवळात दिवे लावत जावं तशी. पडद्यावर कल्याणीताईंनी डिस्कवर भरून आणलेल्या कारखान्याच्या मागण्या धावू लागल्या, आराखडे उघडू लागले, कँटीनच्या कॅमेऱ्यात कोणी तरी पोहे ढवळताना दिसलं. मी ओरडले. इरफानभाई ओरडले. मामांनी काय झालं ते न विचारताच आरोळी ठोकली. सर मात्र आपल्या बंद कपाटाशेजारी उभे होते. त्यांनी त्यावर हात ठेवला होता, घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा. मग तेही आले आणि पडद्यावरचे पोहे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती जोडी एकदाही न अडखळता चालली.

शहागंज

आबांचा निर्णय शनिवारी दुपारी कळणार होता. तोवर हॉटेलात अर्ध्या बादलीशेजारी बसून काय करणार? इरफानभाई सकाळीच हजर. "अम्मीनं बोलावलंय. नाय म्हणायची सोय नाय."

शहागंजाच्या बाजारातून आम्ही त्यांच्यामागे निघालो. अत्तरं, चपला, पतंगी कागद, बिदरी नक्षीचे डबे, आणि प्रत्येक दुकानदार इरफानभाईंना हाक मारून विचारत होता, "क्या मियाँ, टाय कहाँ गयी?" घर माडीवर. खाली चादर अंथरलेली. अम्मी ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांत सुरमा. मटणाचा खलिया मोठ्या पातेल्यात, तंदुरातून आणलेली पिवळसर, जाड, गुबगुबीत नानं शेजारी. खलियाचा तो लालभडक तवंग बघून मी सगळा शिष्टाचार विसरले. आमच्याकडे मटणात खोबरं वाटून घालतात, इथं शेंगदाणे आणि तीळ. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा अम्मींनी माझ्या गालाला हात लावला.

सर शाकाहारी. त्यांच्यासमोर वेगळ्या भांड्यात बघारे बैंगन आले.

"अम्मीनं पातेलं, चमचा सगळं वेगळं धुऊन घेतलंय," इरफानभाई म्हणाले.

सर हातातला घास तसाच धरून राहिले. त्या घरी नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते आम्हाला जिना चढतानाच्या पिंपांवरून कळलं होतं. "बहोत तकलीफ दिली आपको," ते आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले.

"खाव, बातां नक्को करो," अम्मी म्हणाल्या.

जेवण चालू असताना फोन वाजला. इरफानभाईंचा. पलीकडे कल्याणीताई. "तिघंही असाल ना? मोठ्यानं लावा."

फोन चादरीवर ठेवला. चौघांचे हात खरकटे, हवेत तसेच.

"आबांनी ठरवलंय. सर्व्हर पुण्याचे, तिन्ही कारखान्यांसाठी. कपाटं इरफानभाईंची. कारण आम्ही तेवढंच चालताना बघितलंय. दोघांनी मिळून लावून द्यायचं, मिळून सांभाळायचं. जमत असेल तर सांगा."

"जमेल," इरफानभाई म्हणाले आणि मग त्यांनी सरांकडे बघितलं.

मला उठून नाचावंसं वाटत होतं. तिन्ही कारखान्यांचे सर्व्हर! म्हणजे आमचं शटर उघडं राहणार, आमची सगळी माणसं राहणार. पण सरांचं कपाट गेलं होतं. ज्याच्यावर त्यांनी सगळी वाढ मोजून ठेवली होती ते.

"जमेल," सरही म्हणाले. फोन बंद झाला.

"कौन जीता?" अम्मींनी विचारलं.

सरांनी बघाऱ्या बैंगनाचा रस नानच्या तुकड्यानं निपटला, तो सावकाश चावला. मग म्हणाले, "इरफान, तुमच्या कपाटाचं दार डावीकडे उघडतं की उजवीकडे? शेंद्र्याच्या त्या खोलीत डावीकडे खांब आहे."

"उजवीकडं, सर."

"मग छान. मग बसेल." आणि त्यांनी अम्मींपुढे ताट सरकवलं. "एक नान और."

छावणी

पुण्याचा रस्ता छावणीवरून जातो, म्हणून इरफानभाई नगर नाक्यापर्यंत सोडायला आले. छावणीच्या बाजारात सगळी वाहतूक थांबलेली. पुढे वरात. घोड्यावर नवरा, फेट्याखाली घामानं निथळणारा, आणि बँडवाल्यांनी पुंगीची धून धरलेली. गाड्यांना पुढे जायला वाट नव्हती, मागेही नव्हती. सर म्हणाले, "जरा उतरून बघतो, किती वेळ लागेल ते."

आम्ही वाट बघत बसलो. बँड वाढला. शिट्ट्या वाढल्या. शेवटी मी आणि इरफानभाई बघायला गेलो.

कोंडाळ्याच्या मधोमध आपटे सर होते. पांढऱ्या रुमालाचं एक टोक दातांत, दुसरं दोन्ही हातांत, आणि गुडघे वाकवून ते समोरच्या पुंगीवाल्याला फणा दाखवत होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर उडत होता. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं काम करत होते, ऑफिसच्या गणपतीत ते टाळ्यासुद्धा बोटांनी वाजवायचे.

"या खुदा," इरफानभाई म्हणाले आणि थेट आत घुसले. मग मी. कोणी तरी माझ्या डोक्यावर फेटा ठेवला, कोणी तरी इरफानभाईंना उचललं. धूळ, घाम, झेंडूच्या पाकळ्या, आणि मध्ये सर, रस्त्यावर जवळजवळ आडवे होऊन डोलतायत. मला हसता हसता रडू यायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बँड थांबला तेव्हा पिवळ्या फेट्यातले एक काका पुढे आले. सरांना सरबताचा पेला दिला, काठोकाठ भरलेला. आणि कौतुकानं विचारलं, "पाव्हणं, लई भारी नाचलात. तुमी नवरीकडचे का नवरदेवाकडचे?"

सरांना दम लागला होता. त्यांनी सरबताचा एक घोट घेतला, उरलेला पेला इरफानभाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला.

"मी नवरीकडचा," ते म्हणाले. "हे नवरदेवाकडचे. लग्न शेंद्र्याला आहे."